वस्तीतल्या मोफत वर्गात १५ ऑगस्ट आणि २६ जानेवारी कसे साजरे करावेत?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. तुम्ही सात-आठ मित्रमैत्रिणी कुर्ल्याजवळच्या एका वस्तीत, समाज मंदिराच्या खोलीत, संध्याकाळी मोफत वर्ग चालवता आणि तिथे पाच ते चौदा वर्षांची सुमारे ४५ मुले येतात. मागच्या १५ ऑगस्टला तुम्ही मोठ्या हौसेने झेंडावंदन ठेवले, पण पाहुणे उशिरा आले, मुले दीड तास पावसात ताटकळली आणि खाऊचा पुडा हातात पडताच घरी निघून गेली. दुसऱ्या दिवशी एका आईने तुम्हाला विचारले, ‘‘शिकवायचं सोडून हे कशाला?’’ यंदा हा कार्यक्रम करावा की नाही, आणि करायचा तर कसा, हे तुम्हाला ठरवायचे आहे.

मी गेली अठरा वर्षे पूर्व उपनगरातल्या एका वस्तीत असाच वर्ग चालवते आहे. कार्यक्रम जरूर करावा, असे माझे मत आहे. परंतु तुमची खरी अडचण पावसाची किंवा पाहुण्यांच्या उशिराची नाही. तुम्ही पाठवलेल्या वर्णनात फलक, माईक, पाहुणे, शाल-श्रीफळ आणि फोटो या सर्वांबद्दल सविस्तर लिहिले आहे. मुलांनी त्या दिवशी काय केले याबद्दल मात्र ‘रांगेत उभी राहिली’ एवढेच आहे. त्या दिवशी मुलांना करण्यासारखे काही काम नव्हते, आणि काम नसलेले मूल खाऊ मिळताच घरी जाणार, हे स्वाभाविक आहे.

पुढचे सर्व सांगण्यापूर्वी एक गोष्ट मान्य करते. यातले बरेचसे तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहे: किती मुले दिवसा शाळेत जातात, खोलीसमोर मोकळी जागा आहे का, वस्तीतले मंडळ किंवा चाळ कमिटी स्वतः झेंडावंदन करते का, आणि सुट्टीच्या दिवशी तुमच्यापैकी प्रत्यक्षात किती जण पोहोचू शकतात. माझा अनुभव एका वस्तीचा आहे, तो तुमच्या मापाने कापून घ्या.

सर्वांत आधी वेळ बदला. तुमची बहुतेक मुले महापालिकेच्या किंवा अनुदानित शाळेत जात असतील, तर १५ ऑगस्टला सकाळी शाळेच्या ध्वजवंदनाला त्यांना जावेच लागते. तिथून परतताना वाटेत मंडळाचे झेंडावंदन असते आणि त्यानंतर तुमचे. एकाच सकाळी तिसऱ्यांदा सावधानमध्ये उभ्या राहणाऱ्या सहा वर्षांच्या मुलाकडून उत्साहाची अपेक्षा करणे त्याच्यावर अन्याय करणारे आहे. तुमच्या स्वयंसेवकांचीही तीच ओढाताण होते, कारण त्यांच्या स्वतःच्या सोसायटीत त्याच वेळी कार्यक्रम असतो आणि लोकल सुट्टीच्या वेळापत्रकाने धावत असतात. आम्ही पहिली तीन वर्षे सकाळचा हट्ट धरला; चौथ्या वर्षी कार्यक्रम संध्याकाळी नेला आणि उपस्थिती लगेच वाढली.

याला एक अपवाद आहे. तुमच्याकडची काही मुले कोणत्याच शाळेत जात नसतील, म्हणजे नुकतीच गावाहून आलेली किंवा बांधकामाच्या ठिकाणी राहणारी असतील, तर त्यांना सकाळी जवळच्या महापालिका शाळेच्या ध्वजवंदनाला घेऊन जा. मुख्याध्यापकांना आधी भेटून परवानगी घ्या. ज्या फाटकातून ते मूल कधी आत गेले नाही, त्या फाटकातून ते पहिल्यांदा सणाच्या दिवशी आत जाते, आणि प्रवेशाची बोलणी तिथेच सुरू करता येतात. शिक्षण हक्क कायदा २००९ सालचा असून तो १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. वयाचा दाखला नाही या कारणाने ६ ते १४ वर्षांच्या मुलाला प्रवेश नाकारता येत नाही, हे पालकांना ठाऊक नसते. आमच्या दोन मुली अशाच १५ ऑगस्टच्या सकाळी शाळेत गेल्या आणि त्याच महिन्यात त्यांचे नाव पटावर लागले.

आता संध्याकाळी काय करायचे? झेंडा चढवायला वस्तीत शंभर माणसे जमतात, पण संध्याकाळी तो उतरवायचा कोणी, हे बहुतेक ठिकाणी ठरलेलेच नसते. २०२२ च्या जुलैत ध्वजसंहितेत बदल झाल्यापासून सामान्य नागरिकाला ध्वज दिवस-रात्र फडकत ठेवण्याची मुभा आहे, त्यामुळे तो राहिला तर नियम मोडला असे होत नाही; परंतु ऑगस्टच्या पावसात चार दिवस काठीला चिकटून राहिलेला ध्वज पाहणे कोणालाही आवडत नाही. आम्ही मंडळाच्या काकांना भेटून सांगितले, ‘‘चढवण्याचा मान तुमचा, उतरवण्याचे काम आमच्या मुलांना द्या.’’ त्यांनी आनंदाने होकार दिला. तेव्हापासून दरवर्षी सूर्यास्ताच्या सुमारास, म्हणजे ऑगस्टमध्ये सात वाजता आणि जानेवारीत साडेसहाला, आमची मुले ध्वज उतरवतात. चढवताना ध्वज झपाट्याने चढवावा आणि उतरवताना सावकाश, सन्मानाने उतरवावा, असे ध्वजसंहिता सांगते. तो सावकाशपणा मुलांना इतका भावतो, की आमच्याकडे त्या दोन मिनिटांत कोणालाही गप्प बसा असे सांगावे लागत नाही.

घडी घालण्याची रीत मुलांना आधी जुन्या ओढणीवर शिकवा. ध्वज आडवा धरायचा, केशरी आणि हिरवा पट्टा पांढऱ्याच्या खाली दुमडायचा, मग पांढरा पट्टा दोन्ही बाजूंनी असा आत घ्यायचा की वर अशोकचक्र आणि केशरी-हिरव्याची थोडी किनार दिसत राहील. ही घडी दोन्ही तळहातांवर घेऊन न्यायची असते. आमच्याकडे या कामासाठी पाच मुले असतात: एक दोरी सोडते, दोघे कापड झेलतात, दोघे घडी घालतात. कोणाची पाळी आहे हे चिठ्ठीने ठरते, हुशारीने किंवा उंचीने नाही.

वस्तीत मंडळाचा ध्वज नसेल आणि तुम्हाला स्वतःचा उभारायचा असेल, तर जरूर उभारा. सन्मानपूर्वक ध्वज फडकावणे हा नागरिकाचा हक्क आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने २००४ साली मान्य केले आहे. लहान जागेसाठी साधारण तीन फूट लांब आणि दोन फूट रुंद ध्वज योग्य. लांबी-रुंदीचे प्रमाण ३:२ असलेच पाहिजे. सुती, खादी, लोकर, रेशीम आणि २०२१ च्या डिसेंबरमधील दुरुस्तीनंतर पॉलिएस्टरही चालते. प्लास्टिकचे झेंडे मात्र अजिबात आणू नका. फाटलेला, डागाळलेला ध्वज लावू नये आणि ध्वजावर काही लिहू नये.

दोरीबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण तिथे माझ्या हातून एक चूक झाली आहे. एका वर्षी आम्ही पाचवीतल्या एका मुलीला ध्वज फडकावण्याचा मान दिला होता. आदल्या रात्री पाऊस पडून सुती दोरी फुगली आणि गाठ आवळून बसली. ती ओढत राहिली, गाठ सुटेना. शेजारी उभ्या असलेल्या पाहुण्यांनी तिच्या हातातून दोरी घेतली आणि एक जोराचा हिसका दिला. ध्वज उलगडला, पाकळ्या पडल्या, टाळ्या झाल्या, आणि तोवर ती मुलगी मागच्या रांगेत जाऊन उभी राहिली होती. मी तिला त्या वेळी पुढे बोलावले नाही, याचे मला आजही वाईट वाटते. तेव्हापासून आम्ही नायलॉनची दोरी वापरतो, एका ओढीत सुटणारी गाठ बांधतो आणि ज्या मुलाला मान आहे त्याच्याकडून आधी तीनदा सराव करून घेतो. मुलाच्या हातातली दोरी कोणीही घ्यायची नाही, हे पाहुण्यांना आम्ही आधीच सांगून ठेवतो. अडकली तर सर्वांनी थांबायचे.

यानंतर जे सांगायचे आहे, ते तुमच्या प्रश्नात नाही, पण मुंबईत वर्ग चालवणाऱ्याने त्याचा विचार केलाच पाहिजे. ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात तुमची काही मुले अचानक येईनाशी होतील. ती सिग्नलला कागदी झेंडे विकत असतात. आमच्याकडचा नऊ वर्षांचा एक मुलगा १४ तारखेला रात्री आठ वाजता वर्गाच्या दारात येऊन उभा राहिला. केस ओले होते, सदरा पोटाशी फुगलेला होता. आत त्याने न विकलेल्या झेंड्यांचा गठ्ठा धरला होता. ‘‘भिजला तर शेठ परत घेत नाही,’’ असे त्याने सांगितले. त्या वेळी आमचा एक नवा स्वयंसेवक मुलांना झेंड्याचा मान कसा राखावा हे समजावत होता आणि फळ्यावर घाईत काढलेल्या चित्रात त्याच्याकडून हिरवा पट्टा वर गेला होता. त्या मुलाने दारातूनच ती चूक दाखवली.

त्या रात्रीपासून आमच्याकडे काही गोष्टी ठरून गेल्या. झेंडे विकणे वाईट, असे वर्गात कोणीही बोलत नाही. त्या मुलाला सर्वांसमोर उभे करून त्याचे कौतुक किंवा त्याची कीवही करत नाही. १० ते १४ ऑगस्टला ठरावीक सराव ठेवत नाही, कारण त्यामुळे नेमकी हीच मुले कार्यक्रमातून वगळली जातात. १५ तारखेला दुपारपर्यंत विक्री संपलेली असते, म्हणून संध्याकाळची वेळ त्यांच्याही सोयीची ठरते. त्याच्या घरच्यांशी शाळेबद्दल आणि कामाबद्दल बोलायचे असते ते नंतर, शांतपणे, घरी जाऊन.

मुलांना सांगायचे काय, याबाबत माझा सल्ला असा की एका वर्षी एकच गोष्ट सांगा आणि ती याच शहरातली निवडा. दिल्ली मुलांना फार लांब वाटते. १२ डिसेंबर १९३० रोजी काळबादेवीत विदेशी कापडाचा ट्रक अडवताना त्याखाली चिरडून मरण पावलेला बाबू गेनू हा गिरणी कामगार होता आणि आंबेगाव तालुक्यातल्या महाळुंगे पडवळ गावातून आला होता. ज्यांचे वडील माथाडी आहेत किंवा टेम्पोवर आहेत, ती मुले ही गोष्ट श्वास रोखून ऐकतात. १९४२ साली उषा मेहता या तरुण विद्यार्थिनीने मुंबईत जागा बदलत बदलत गुप्त रेडिओ केंद्र चालवले, ही गोष्ट मोठ्या मुलींना आवडते. १८ फेब्रुवारी १९४६ रोजी ‘तलवार’ या मुंबईतल्या नौदल तळावरच्या नौसैनिकांनी निकृष्ट जेवण आणि अपमानास्पद वागणूक यांविरुद्ध संप पुकारला, जेवण वाईट आहे आणि साहेब शिव्या देतो, ही तक्रार वस्तीतल्या मुलाला समजावून सांगावी लागत नाही. शक्य असल्यास आधीच्या रविवारी दहा-बारा मोठ्या मुलांना ग्रँट रोडला उतरवून ऑगस्ट क्रांती मैदान आणि मणिभवन पायी दाखवून आणा. पाच मुलांमागे एक मोठा माणूस हवा.

तुमच्या वर्गात पारधी किंवा इतर भटक्या-विमुक्त समाजाची मुले असतील, तर त्यांच्यासाठी आणखी एक तारीख लक्षात ठेवा. इंग्रजांनी १८७१ साली केलेल्या गुन्हेगार जमाती कायद्याचा, म्हणजे अख्ख्या जमातीला जन्मानेच गुन्हेगार ठरवणारा, शिक्का देश स्वतंत्र झाल्यावरही त्यांच्या आजोबा-पणजोबांवर होता. तो ३१ ऑगस्ट १९५२ रोजी पुसला गेला. आम्ही १५ आणि ३१ ऑगस्ट या दोन्ही दिवसांबद्दल बोलतो. पहिल्यांदा बोललो तेव्हा एका आजींनी खोलीच्या दारात बसून सगळे ऐकले आणि नंतर, त्यांच्या वडिलांना पोलीस चौकीवर हजेरी लावायला जावे लागे ते आम्हाला सांगितले. मी पुस्तकातून वाचलेले त्यांच्या घरात घडलेले होते.

नाटुकले बसवणार असाल तर शत्रूची भूमिका कोणाला मिळते आहे, याकडे लक्ष द्या. मुले आपसांत भूमिका वाटतात तेव्हा ठरावीक नावाच्या मुलाला ती भूमिका मिळते, असे मी एकाहून अधिक वेळा पाहिले आहे. अशा वेळी मी ते नाटक थांबवून दुसरे घेते. ‘तू मूळचा कुठला?’ हा प्रश्नही त्या दिवशी टाळा. काही कुटुंबांकडे कागदपत्रे अपुरी असतात आणि या प्रश्नाची भीती मुलांपर्यंत पोहोचलेली असते.

२६ जानेवारी आमच्याकडे वेगळ्या रीतीने होतो. संविधान २६ नोव्हेंबर १९४९ रोजी स्वीकारले गेले आणि २६ जानेवारी १९५० पासून लागू झाले. ही तारीख निवडली ती १९३० साली याच दिवशी पूर्ण स्वराज्याची प्रतिज्ञा घेतली होती म्हणून. एवढे सांगून आम्ही थांबतो आणि मुलांना वर्गाचे स्वतःचे नियम करायला बसवतो. ज्या बाबासाहेबांची तसबीर त्यांच्यापैकी अनेकांच्या घरात आहे, ते मसुदा समितीचे अध्यक्ष होते आणि दादरच्या राजगृहात राहत होते, हे कळल्यावर मुले त्या कामाकडे निराळ्या गांभीर्याने पाहतात. मुले नियम सुचवतात, त्यावर वाद होतो, मग मतदान होते. मतपत्रिका म्हणून चिंचोके वापरतो आणि पडद्यामागे ‘हो’ व ‘नाही’ अशा दोन डब्या ठेवतो. पहिल्या वर्षी आठवी-नववीतल्या मुलांनी तक्रार केली की पहिलीतल्या मुलाचे मत आमच्या मताइतके कसे धरता. त्या तक्रारीवर पाऊण तास चर्चा झाली, आणि माझ्या मते तो त्या वर्षातला सर्वांत चांगला तास होता. त्या वर्षी मंजूर झालेले दोन नियम आजही भिंतीवर आहेत: ‘वाचताना चुकणाऱ्याला हसायचे नाही’ आणि ‘ताई-दादांनी न कळवता सुट्टी घ्यायची नाही.’ दुसऱ्या नियमाच्या विरोधात एकही चिंचोका पडला नाही. आम्ही तो पाळतो.

पाहुणे आणि देणगीदार यांना दुसऱ्या दिवशी बोलवा. वर्गाच्या एखाद्या साध्या बुधवारी ते आले, तर तुमचे खरे काम त्यांना दिसेल. बोलवणे अपरिहार्यच असेल तर तीन गोष्टी आधी कळवा: कार्यक्रम ठरलेल्या वेळी सुरू होईल, भाषण पाच मिनिटांचे असेल, आणि मुलाच्या हातात वस्तू देताना फोटो काढला जाणार नाही. पालकांच्या लेखी संमतीशिवाय कोणताही फोटो बाहेर जाऊ देऊ नका. काही देणगीदार यामुळे नाराज होतात, आणि आमची एक मोठी देणगी अशी थांबलीही आहे. तुमचे भाडे त्या देणगीवर अवलंबून असेल तर हा निर्णय सोपा नाही, हे मला समजते.

प्रमुख पाहुणे वस्तीतूनच निवडा. आमच्याकडे आलेल्या सर्वांत चांगल्या पाहुण्या महापालिकेच्या सफाई कामगार होत्या. सकाळची पाळी संपवून, घरी जाऊन, साडी बदलून त्या आल्या. त्यांनी भाषण केले नाही. १६ ऑगस्टला सकाळी गटाराच्या जाळीवर किती कागदी झेंडे अडकलेले असतात आणि ते त्या वेगळे कसे काढून ठेवतात, एवढेच सांगितले. दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मुले स्वतःहून कापडी पिशवी घेऊन वस्तीत फिरली आणि ६३ झेंडे गोळा करून आली. असे झेंडे कचऱ्यात न टाकता खाजगीत, सन्मानाने नष्ट करायचे असतात. ते काम मोठ्यांनी करावे.

खाऊबद्दल फार लिहीत नाही. जिलेबी आणि फरसाण पुरे. तो निघताना न वाटता मधल्या वेळेत, सर्वांनी गोल बसून, एकत्र खावा.

आता त्या आईचा प्रश्न. तो योग्य आहे आणि त्याला उत्तर द्यायला हवे. चार संध्याकाळी अभ्यास बंद ठेवून एका नाचाचा सराव घेतला असेल, तर तिचा आक्षेप मलाही पटतो. आम्ही तयारी अभ्यासातूनच करून घेतो. लहान मुले ३० सेंटिमीटर लांब आणि २० सेंटिमीटर रुंद कागद मोजून कापतात. चक्राला २४ आरे असतात, म्हणून सातवीतले मूल ३६० ला २४ ने भागून १५ अंश काढते आणि कोनमापकाने खुणा करते. हे वाटते तितके सोपे नाही, बहुतेकांचा पहिला प्रयत्न फसतो. चौथी-पाचवीची मुले आपल्याच घरच्यांना निमंत्रणपत्र लिहितात. बालभारतीच्या पुस्तकांत सुरुवातीलाच छापलेली प्रतिज्ञा सर्वांना पाठ असते, परंतु त्यातल्या ‘पाईक’ शब्दाचा अर्थ विचारला तर वर्गात शांतता पसरते. आम्ही दरवर्षी त्यातले दोन शब्द उलगडतो. त्या आईला हे कागद दाखवा आणि संध्याकाळी तिलाच बोलवा. घरकामाला जाणाऱ्या अनेक जणींना १५ ऑगस्टलाही सुट्टी नसते, त्यामुळे सातची वेळ तिलाही जमेल.

म्हणजे तुमची संध्याकाळ साधारण अशी होईल: सहाला मुले जमतील, आपापले कागद भिंतीवर लावतील, एक गोष्ट होईल, पालकांपैकी कोणी दोन शब्द बोलतील, सर्व जण जिलेबी खातील, आणि पावणेसातला काठीजवळ जातील. एकूण तास-सव्वा तास. सुरुवातीला यातले निम्मेच जमले तरी चालेल; गोष्ट आणि ध्वज उतरवणे एवढे दोन भाग मात्र ठेवा.

ध्वज पावसाने भिजलेला असेल तर लगेच घडी घालू नका. खोलीत आडव्या दोरीवर, सावलीत पूर्ण वाळू द्या, नाहीतर बुरशीचे डाग पडतात आणि तो पुन्हा लावता येत नाही. दुसऱ्या दिवशी वर्ग नेहमीच्या वेळी भरवा, ज्या मुलांची पाळी होती त्यांनाच तो घडी करू द्या, मंडळाच्या काकांकडे त्यांच्याच हातांनी सोपवा आणि वहीत काकांची सही घ्या. २६ जानेवारीच्या आधी तो कोणाच्या कपाटात आहे, हे शोधत फिरावे लागणार नाही.